खिडकीकडचं इंग्रजी

इंग्रजी ही कंजूष भाषा आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. आपण नांगर म्हणतो आणि तो शेतात घातला की नांगरणे म्हणतो. पाणी म्हणतो आणि ते पिकाला सोडलं की पाणी देणे म्हणतो. इंग्रजी माणूस एकाच शब्दाला दोन्हीकडं जुंपतो. प्लाऊ म्हणजे नांगर, प्लाऊ म्हणजेच नांगरणे. वॉटर म्हणजे पाणी आणि ते देणंही वॉटरच. शब्दाचे कपडे तेच, वाक्यात बसायची जागा तेवढी बदलली की नामाचं क्रियापद होतं.

या शब्दांच्या धड्यावर माझी नोकरी कायम झाली, एवढं मी आजवर सांगत आलो. बाकीचं सांगितलं नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक त्याला स्वभाव म्हणतात. पन्नाशीला टेकल्यावर आता वाटतं, त्यात स्वभाव थोडा आणि सोय जास्त होती.

शाळा गंगाखेड तालुक्यातली, राणीसावरगावच्या अलीकडच्या एका गावातली. मोठा दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. शाळा खासगी संस्थेची आणि संस्था गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराची. त्यांना सगळे मालक म्हणत. मीही म्हणायचो. एका शब्दानं दोन कामं करायची ही तऱ्हा गावाला नवीन नव्हती. शाळेचा शिपाई मस्टरवर शिपाई होता, प्रत्यक्षात मालकांच्या म्हशींची धार काढायचा. आम्ही मास्तर लोक लग्नसराईत मालकांच्या मांडवात वाढपी असायचो आणि निवडणुकीत जीपमागं धावणारे. चित्रकलेच्या मास्तरांनी तर वर्षभर फक्त संस्थेच्या पाट्या रंगवल्या.

आमचे हेडमास्तर निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. इंग्रजीला ते लांबूनच सलाम करत. मी हा धडा घ्यायचं म्हणालो तेव्हा त्यांनी विचारलं, "एकच लफ्ज दोन कामं करतंय म्हनता?"

"हो सर."

"आन पगार?"

"शब्दाला कसला पगार सर?"

"मंग आपल्याच संस्थेतलं दिसतंय," ते म्हणाले आणि लगेच शिपाई जवळपास नाही ना, ते बघून घेतलं.

मॅट्रिकच्या वर्गात बाकं नव्हती, तागाच्या पट्ट्या होत्या. अर्ध्या पट्ट्या खिडकीखाली, अर्ध्या दाराकडं. खिडकीकडं उजेड होता, वारा होता, फळा नीट दिसायचा. दाराकडं फळ्यावर चकाकी यायची. खिडकीकडं मालकांचा पुतण्या, त्याच्या भावकीतली आणि बागाइतदारांची मुलं बसत. दाराकडं बौद्धवाड्यातली, मजुरांची, दोन-चार एकरवाल्यांची. असं बसा म्हणून कुणी सांगितलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. दाराकडच्यांपैकी बऱ्याच जणांच्या आईबापांनी छप्पन साली धर्म बदलला होता. पट्टी बदलायची राहून गेली होती. मी जूनमध्ये रुजू झालो तेव्हा हे पाहिलं आणि हजेरी घ्यायला लागलो. मी स्वतः माझ्या गावच्या शाळेत खिडकीकडं बसूनच शिकलेला.

मी शब्द घोकून घ्यायचो. सगळा वर्ग एकदम ओरडला की नुसता गलका व्हायचा, काहीच कळायचं नाही. म्हणून मी वर्गाचे दोन भाग केले. खिडकीवाल्यांनी नाम म्हणायचं, दारवाल्यांनी क्रियापद. मी मधे छडी घेऊन उभा.

"वॉटर!" मी ओरडायचो.

"वॉटर म्हणजे पाणी!" खिडकी म्हणायची.

"वॉटर म्हणजे पाणी देणे!" दार म्हणायचं.

"मिल्क!"

"मिल्क म्हणजे दूध!"

"मिल्क म्हणजे दूध काढणे!"

लोड म्हणजे ओझं, इकडं. लोड म्हणजे ओझं लादणे, तिकडं. डस्ट म्हणजे धूळ, डस्ट म्हणजे धूळ झटकणे. फार्म म्हणजे शेत. फार्म म्हणजे शेती करणे. लव्ह हा शब्द हेडमास्तरांनी गाळायला लावला. "त्याचं नाम बी नको आन क्रियापद बी नको. मुली हायेत वर्गात." रूल मी नकळत घेतला. दाराकडची मुलं नरड्याच्या शिरा ताणून "रूल म्हणजे राज्य करणे!" असं ओरडली तेव्हा शाळेच्या ओट्यावर पान लावत बसलेल्या मालकांचा अडकित्ता थांबला. दुसऱ्या दिवशी तोही शब्द गळाला.

ज्यांच्या घरी शेत होतं ती मुलं शेत म्हणत होती आणि जी त्या शेतात राबत होती ती राबणं म्हणत होती. हे मी ठरवून केलं नव्हतं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ते माझ्या ध्यानात आलं होतं. आणि मला ते आवडलं होतं. फार जमून आल्यासारखं वाटलं होतं.

आता कुणी म्हणेल, मुलांना समोरच्यांचं ऐकू येतच होतं की. येत होतं. पण पुढं इन्स्पेक्शन यायचं होतं. डेप्युटी साहेबांसमोर वर्ग घड्याळासारखा चालायला हवा होता, कारण माझी नोकरी अजून तात्पुरती होती. दुसऱ्या बाजूचं उत्तर कुणाच्या तोंडातून निसटलं की तालीम बिघडायची. म्हणून मी नियम केला : ज्याची त्याची बाजू. दुसरीकडचं कुणी बोललं की छडी.

ती छडी सगळ्यात जास्त जिनं खाल्ली ती दाराकडच्या पट्टीवरची एकटी मुलगी. खिडकीकडं दोन मुली होत्या, दाराकडं हीच. तिला दोन्हीकडचं येत होतं, हाच तिचा गुन्हा. मी "हाउस" म्हणालो की ती आपली पाळी येईपर्यंत थांबायचीच नाही. खिडकीच्या आधी तिच्या तोंडून "घर" बाहेर पडायचं. मी म्हणायचो, "हात पुढं कर." ती करायची. घर म्हटल्याबद्दल मी तिला मारलेलं आहे. आधी एकदा, मग पुन्हा. हळूहळू ती गप्प राहायला शिकली आणि मी मनात म्हणालो, सुधारली.

दिवाळीनंतर तिची आई शाळेत आली. ओट्याच्या खाली उभी राहून बोलली. वर या, असं मीही म्हणालो नाही.

"सर, पोरीच्या बाकीच्या इषयाची काळजी न्हाई मला. इंग्रजीत तेवढी काढा तिला."

"काढू की बाई."

"मॅट्रिक झाली तर परभणीला हिच्या थोरल्या बहिनीकडं ठिवून नर्सच्या कोर्सला घालायलाव. जावाई कचेरीत क्लार्क हाय, तो बगतो म्हन्लाय. न्हाई झाली तर हिचा बाप पोखर्णीकडच्या सोयरीकीला हो म्हनायलाय. पावनं दोनदा येऊन बसून गेलेत. तिसऱ्यांदा चहा पाजून वाटेला लावता येत न्हाई बगा."

"अभ्यास करू द्या तिला."

"ती करायलीच. तुमी शिकवा म्हंजे झालं."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा उद्धट वाटलं होतं.

डेप्युटी साहेब संक्रांतीनंतर आले. मालकांकडं जेवून आले, त्यामुळं खुशीत होते. मी वर्ग सुरू केला. इकडून नाम, तिकडून क्रियापद. कुठं अडलं नाही, कुणाची जीभ सीमा ओलांडून गेली नाही. साहेब मांडीवर ताल धरायला लागले. मग त्यांना हुक्की आली. त्यांनी मालकांच्या पुतण्याला उभं केलं.

"मिल्क म्हणजे काय रे?"

"दूध, साहेब."

"शाबास. आणि दुसरा अर्थ?"

पुतण्यानं जराही न अडखळता दाराकडं बोट केलं. "ते तिकडल्यांकडं असतंय, साहेब."

साहेब पोट धरून हसले. मालक हसले, हेडमास्तर हसले, म्हणून मीही हसलो. मग साहेबांनी दाराकडं पाहिलं आणि तिला उभं केलं.

"तू सांग बाई. मिल्क?"

"दूध काढणे."

"आणि दुसरा अर्थ?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या छडीकडं. तिला येत होतं. तिला येतं हे मला माहीत होतं. नुसती मान हलवली असती तरी ती बोलली असती. मी फळ्याकडं बघत राहिलो.

"असू दे, असू दे. अर्धं तर आलं!" साहेब म्हणाले.

"मागास पोरं साहेब," हेडमास्तर म्हणाले. "अर्धं बी लय झालं."

साहेबांनी शेरा झकास मारला. "दोन बाजूंची पद्धत" असं माझ्या शिकवण्याला नावही त्यांनीच दिलं आणि तालुक्याच्या मास्तरांपुढं मला तो धडा घेऊन दाखवायला लावला. मी चढलो. नंतर सगळं इंग्रजी मी दोन बाजूंनी शिकवायला लागलो. प्रश्न खिडकीनं विचारायचा, उत्तर दारानं द्यायचं. एकवचन इकडं, अनेकवचन तिकडं. परीक्षा जवळ आली तेव्हा एका वर्गात दोन अर्धे वर्ग तयार झाले होते आणि पूर्ण इंग्रजी फक्त खोलीच्या भिंतींना येत होतं.

मार्चमध्ये पेपर झाला. एका प्रश्नात नेमके हेच शब्द आले : प्रत्येक शब्द एकदा नाम म्हणून आणि एकदा क्रियापद म्हणून वाक्यात वापरा. मला आनंदानं काही सुचेना. मुलं गंगाखेडहून परत आली तशी मी एस.टी.च्या थांब्यावरच त्यांना गाठलं.

"दोन्ही वाक्यं लिहिली ना रे?"

पुतण्या म्हणाला, "आमचं आमचं लिव्हलं सर."

"म्हणजे?"

"नामं लिव्हली. ह्यांचं ह्यांनी लिव्हलं आसंल की."

दाराकडची मुलं मान हलवत होती. त्यांनी त्यांचं लिहिलं होतं. जगातल्या कुठल्याही परीक्षेत प्रत्येकानं आपापला पेपर पूर्ण लिहायचा असतो, हे माझ्या वर्गाला माहीत नव्हतं, असं नाही. पण या शब्दांच्या बाबतीत रीत वेगळी असते, असं त्यांना मनापासून वाटत होतं. रीतच तशी पडली होती. मी दाराकडच्या त्या मुलीकडं वळलो. निदान हिनं तरी.

"लिव्हलं होतं सर," ती म्हणाली. "नंतर खोडलं."

"कामून?"

"आपलं न्हाई म्हनून."

त्या एका प्रश्नानं ती नापास झाली असं मी म्हणणार नाही. अर्धं इंग्रजी मी सगळीकडंच शिकवलं होतं. निकालात ती सगळ्या विषयांत पास होती, इंग्रजी सोडून. वर्ग जवळजवळ सगळाच इंग्रजीत बसला. दाराकडचा बसला, तसाच खिडकीकडचाही. त्या बाबतीत माझ्या पद्धतीनं भेदभाव केला नाही. फरक पुढं पडला. मालकांचा पुतण्या नापास झाला आणि सोसायटीचा चेअरमन झाला. नाम त्याला येत होतंच.

मालकांनी आम्हाला बोलावून कारण विचारलं. हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "दाराकडच्या मुलांची ग्रहणशक्ती कमी पडते, मालक."

"आन आमच्या पोराची?"

"त्याला जरा थकवा होता," हेडमास्तर घाईनं म्हणाले.

मालकांना ते पटलं. ग्रहणशक्ती हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदाच वापरला. नंतर नोकरीभर त्यानं मला साथ दिली.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मॅट्रिकच्या नव्या वर्गालाही मी दोन बाजूंची तीच तालीम सुरू केली. ऑक्टोबरला पुन्हा बसणारी मुलं हवं तर वर्गात येऊन बसत, कुणी हरकत घेत नसे. ती आली. सोयरीक तिच्या आईनं ऑक्टोबरपर्यंत कशीबशी लांबवली होती, हे मला शिपायाकडून कळलं होतं. ती वर्गात शिरली, दाराकडची पट्टी ओलांडून सरळ पुढं गेली आणि खिडकीखालच्या पट्टीवर पहिल्या जागेवर बसली. दप्तर उघडलं. फळ्याकडं बघायला लागली.

मग खिडकीकडचा एक जण उठला आणि दाराकडं जाऊन बसला. दुसरा उठला. मग सगळेच उठले, मुलीसुद्धा. एकीच्या पट्टीवर बसायला नको म्हणून ते सगळे तिच्या सगळ्या आळीच्या पट्टीवर जाऊन बसले. जागा कमी, गर्दी फार. बागाइतदारांची मुलं बौद्धवाड्यातल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून, एकमेकांची कोपरं बरगडीत खात बसली. "सरक की रे!" "कुठं सरकू, तुझ्या डोक्यावर?" गावात असं दृश्य ना आधी कुणी पाहिलं होतं ना कुणाला घडवता आलं असतं. आणि ते विटाळ टाळायला घडलं होतं.

खिडकीखाली ती एकटी.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला काय करावं ते सुचलं नाही, म्हणून रोज करायचो ते केलं. छडी उचलली.

"वॉटर!"

"वॉटर म्हणजे पाणी," ती एकटी म्हणाली.

"वॉटर म्हणजे पाणी देणे!" दाराकडनं सगळ्यांचा दणका.

"मिल्क!"

"मिल्क म्हणजे दूध."

"मिल्क म्हणजे दूध काढणे!" बागाइतदारांची मुलंही ओरडली. त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल.

"हाउस!"

"घर," ती म्हणाली. या वेळी मी हात पुढं करायला सांगितलं नाही. तास संपेपर्यंत मी शब्द देत गेलो आणि ती नामं म्हणत गेली. आवाज तिचा मोठा नव्हता. पण सगळ्यांना ऐकू येत होता.

संध्याकाळी मालकांचा निरोप आला. निरोप शिपायानं आणला, म्हशीची धार काढून झाल्यावर. "मालक म्हन्ले, पट्ट्या नीट करा. कायम व्हायचं हाय न्हवं सरांना?"

दुसऱ्या दिवशी ती खिडकीखाली बसायच्या आत मी दारातच तिला अडवलं. म्हणालो, "नापास झालेल्यांना वर्गात बसता येत नाही. नियम आहे."

"कवापासून सर?"

"नवीन आलाय."

"कुठनं?"

"वरून."

असा नियम नव्हता. तो मी त्या उंबऱ्यावर, बोलता बोलता केला. माझ्या खांद्यावरून तिनं खिडकीकडं पाहिलं, मग दप्तर छातीशी धरून निघून गेली. दाराकडच्या पट्टीवर बसण्याचं तिच्या मनात एकदाही आलेलं दिसलं नाही. खिडकीकडचे खिडकीकडं गेले. पट्ट्या नीट झाल्या. पावसाळ्यातच माझी कायमची ऑर्डर आली.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल हिवाळ्यात लागला. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत तिची आई हातात कापडी पिशवी घेऊन शाळेत आली. या वेळी ती ओट्यावर चढून आली. पिशवीत साखर होती. हेडमास्तरांच्या हातावर चिमूटभर, माझ्या हातावर चिमूटभर.

"निघाली सर पोरगी. इंग्रजीत निघाली."

"अरे वा. कुणी शिकवलं?"

"जावायानं. परभणीला नेऊन ठिवली होती की म्या. पोखर्णीच्या पावन्यास्नी सांगितलं, आता नर्सबाईच्याच दारात या म्हनावं." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमचं बी नाव घेती ती. म्हन्ली, सरांनी एक दिस खिडकीकडं बसू दिलं, लय उपयोग झाला."

"आमचे सर लय मेहनत घेत्यात पोरांसाठी," हेडमास्तर म्हणाले.

मी बसू दिलं नव्हतं, हे तिथं बोलता आलं असतं. मी साखर तोंडात टाकली.

"एक इचारायचं होतं," ती बाई म्हणाली. "हिच्या मागचा भाऊ आठवीत बसलाय दोनदा. त्याला पुन्ना वर्गात घालायचाय. तो नियम हाय का अजून? नापासाला बसू देत न्हाईत, तो?"

"बघावं लागेल," मी म्हणालो. "वरून विचारावं लागेल."

"इचारा की. म्या थांबते." आणि ती ओट्यावरच बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

मी आत ऑफिसात गेलो. तिथं कुणी नव्हतं. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, त्याच्याकडं तोंड करून उभा राहिलो. वरून विचारायला लागतो तेवढा वेळ साधारण किती असावा, याचा अंदाज घेत होतो. मला आता कुणी काढू शकत नव्हतं, तेव्हा धैर्याचा वगैरे प्रश्न नव्हता. तरी नकाशावरचे तालुके मी दोनदा मोजले. मग बाहेर आलो.

"नियम निघाला," मी म्हणालो.

"निघाला? कवा?"

"आत्ताच."

"बरं झालं." ती उठली, लुगडं झटकलं. "आन बसायचं कुठं त्यानं?"

हेडमास्तर माझ्याकडं बघत होते.

"खिडकीकडं जागा आहे," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडाकडं जरा वेळ पाहिलं. "तुमचं वर लय लौकर आयकतंय सर," ती म्हणाली, आणि उरलेली साखर शिपायाला द्यायला शाळेमागच्या मालकांच्या गोठ्याकडं गेली.